प्लॅस्टिकच्या खाली-वर होणाऱ्या टी: वाचक विचारतात, ताई सांगतात

या वेळी टीबद्दल, म्हणजे गोल्फचा बॉल मारण्याआधी ज्या छोट्या खुंटीवर ठेवतात तिच्याबद्दल, इतके प्रश्न आलेत की पटिंगचे (बॉल हळूच भोकात ढकलायचे) सगळे पुढच्या अंकावर ढकललेत. पटिंगवाल्यांनो, रागवू नका, तुमची पत्रं जपून ठेवलीयत.

ताई नमस्कार, मी पुण्यात येरवड्याला खेळतो, हँडिकॅप 24. मित्राने बाहेरून प्लॅस्टिकच्या टी आणल्यात, दांड्यावर एक रिंग असते, ती सरकवून हव्या त्या खाचेत अडकवायची, मग टी जमिनीत रिंगपर्यंतच जाते आणि बॉल दर वेळी तेवढ्याच उंचीवर बसतो. पाकिटावर लिहिलंय डिस्टन्स वाढतं. खरंच वाढतं का? की आपलं काहीतरी विकायचं म्हणून?

पाकिटावरचं सोडा हो, पाकिटावर काय वाट्टेल ते लिहितात. टीचं काम बॉल वर धरून ठेवणं एवढंच, बॉलला पुढे ढकलणारं तिच्यात काही नसतं, आणि असलंच तर नियमात बसणार नाही, त्यावर खाली देवळालीच्या वाचकांना लिहिलंय ते बघा. बॉल आणि क्लबफेस (मारायच्या काठीची बॉलला लागणारी बाजू) एकमेकांना चिकटून असतात ते जेमतेम अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात टीच्या वाटीचं घर्षण कमी होऊन तुमचा बॉल पंधरा यार्ड पुढे जाईल ही आशा सोडून द्या. वाटीच्या जागी तीन काटे असोत नाहीतर ब्रश असो, मला त्यात आजवर डोळ्याला दिसेल असा फरक सापडलेला नाही.

पण उंचीने फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा, फेस सपाट नसतो, वरून खाली हलकासा गोल असतो, त्यामुळे फेसच्या वरच्या भागात लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) थोडा जास्त आणि खालच्या भागात कमी. शिवाय बॉल मध्याच्या वर लागला की आदळताना ड्रायव्हरचं डोकं किंचित मागे झुकतं आणि त्याने बॅकस्पिन (बॉलचं उलटं फिरणं) कमी होतो. म्हणजे बॉल वर चढतो पण फुगत नाही, आणि पडल्यावर पळतो. हाच बॉल मध्याच्या खाली लागला की उलटं, निघतो खालून आणि स्पिन जास्त, मग मध्येच वर उचलला जातो आणि दम संपल्यासारखा खाली येतो, समोरून वारा असेल तर बघायलाच नको. स्विंग तोच, वेग तोच, फक्त फेसवर सेंटीमीटरभर खाली लागला तरी डोळ्याला कळेल इतका फरक.

आता तुमच्या रिंगवाल्या टीचा फायदा काय, तर एकच, दर वेळी तीच उंची. लाकडी टी आपण अंगठ्याने अंदाजे दाबतो, पहिल्या होलला मागे चारजण उभे आहेत म्हणून घाईत दाबतो, नवव्याला दमलेलो असतो म्हणून वरच राहते, मागचा ड्राइव्ह स्लाइस झाला (बाजूला वळला) म्हणून पुढच्याला उगाच खाली करतो, आणि मग घरी जाऊन म्हणतो आज ड्रायव्हर चाललाच नाही. स्विंगमध्ये आधीच शंभर गोष्टी बदलत असतात, त्यातली एक तरी पक्की केली तर बाकीच्यांचा तपास लागतो. माझं मत विचाराल तर एक पाकीट घ्या, स्वतःची उंची शोधून काढा, आणि त्यानंतर वाटलं तर परत लाकडीवर या, फक्त तेवढ्या उंचीवर पेनाने रेघ मारून ठेवा. पाच पैशाचं काम. कंपन्यांना हे आवडणार नाही पण मला कुठे त्यांची जाहिरात करायचीय.

मी खारघरला खेळायला सुरुवात केलीय, प्रॅक्टिस जास्त करून रेंजवर (सरावाच्या मैदानावर) मॅटवर होते. सगळे म्हणतात अर्धा बॉल ड्रायव्हरच्या वर दिसला पाहिजे. पण रिंगवर तर नुसते आकडे आहेत, 1 ते 5. मी कुठला लावू?

1 ते 5 ला स्वतःचा असा काही अर्थ नाही, प्रत्येक मेकचा 3 वेगळा असतो. पट्टी घ्या आणि मोजा.

ड्रायव्हर फरशीवर जसा जमिनीवर टेकवतो तसा टेकवा आणि डोक्याच्या वरच्या कडेपर्यंत उंची मोजा. समजा 60 मिमी आली. बॉलचा व्यास नियमाप्रमाणे कमीत कमी 42.67 मिमी, म्हणजे अर्धा बॉल साधारण 21. अर्धा बॉल वर दिसायचा तर बॉलचा मध्य 60 वर हवा, म्हणजे बॉलचं बूड 39 वर, अंदाजे दीड इंच. तेवढी टी जमिनीच्या वर दिसली पाहिजे. तुमच्याकडे सव्वातीन इंची म्हणजे 83 मिमीची टी असेल तर 44 मिमी आत जाईल, पावणेतीन इंची म्हणजे 70 मिमीची असेल तर 31. वाटीत बॉल एखाद-दोन मिमी खाली बसतो तेवढं सोडून द्या. रिंगच्या कुठल्या खाचेला 39 च्या जवळ येतं ते बघा, ती तुमची मधली खाच, तिथून सुरुवात करायची.

अर्धा बॉल हा नियम नाही हं, सुरुवातीची जागा आहे. पुढचं तुम्हालाच करून बघावं लागेल आणि ते असं करा. व्हाइटबोर्डचा मार्कर घ्या, बॉलच्या मागच्या बाजूला, जिथे क्लब लागणार तिथे, मोठा ठिपका काढा. मारल्यावर तो ठिपका फेसवर उमटतो, बॉल नक्की कुठे लागला ते दिसतं, बोटाने पुसला की गेला. मधली खाच, एक वर, एक खाली, अशा तीन उंचींवर मारा, पण ओळीने खालून वर जाऊ नका. तसं केलं की शेवटच्या उंचीपर्यंत अंग मोकळं झालेलं असतं आणि तीच उंची बेस्ट वाटते. उलटसुलट करा, आधी वरची मग खालची मग मधली, परत वेगळ्या क्रमाने. बॉल शक्यतो एकाच प्रकारचे घ्या, रेंजवरच्या झिजलेल्या बॉलवरून अंतराचा निष्कर्ष काढू नका, ठिपका कुठे पडतो त्यावर लक्ष ठेवा. आणि सगळ्यात लांब गेलेला एक बॉल बघून उंची ठरवू नका प्लीज, हे सगळे करतात. ठिपके ज्या उंचीला एका जागी गोळा होतात, मध्याच्या जरासे वर, ती तुमची.

मॅटचं दुखणं वेगळं आहे. बहुतेक मॅटमधून टीचा दांडा आत जातच नाही, तिथे खालून भोकातून वर आलेली रबराची नळी असते आणि ती असेल तेवढी उंची गोड मानून घ्यावी लागते. निदान पट्टीने मोजून तरी ठेवा. बऱ्याच ठिकाणी ती तुमच्या उंचीपेक्षा वेगळी निघेल, मग रेंजवर छान जाणारा ड्रायव्हर कोर्सवर का रुसतो याचं अर्धं उत्तर तिथेच मिळेल. काही रेंज वेगवेगळ्या उंचीच्या नळ्या ठेवतात, काउंटरवर विचारा, लाजू नका.

मी निवृत्त फौजी, देवळालीला स्थायिक. हे पत्र नातू टाइप करतोय. आमच्या एका फ्रेंडली मॅचमध्ये प्रतिस्पर्ध्याने माझ्या ॲडजस्टेबल टीला हरकत घेतली, म्हणाला ही बेकायदा आहे. कृपया नियम सांगावा. टीची उंची बदलता येते हे नियमबाह्य आहे काय?

सर, नाही. उंची बदलता येते एवढ्याने टी बाद होत नाही.

गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या संस्थांच्या नियमात टीबद्दल मोजक्याच अटी आहेत. लांबी 4 इंच म्हणजे 101.6 मिमीपेक्षा जास्त नको. खेळायची दिशा दाखवेल अशी तिची रचना नको, म्हणजे बाण किंवा लांब दर्शक काढलेली टी चालणार नाही. बॉलच्या हालचालीवर अवाजवी परिणाम करेल किंवा फटक्याला वेगळीच मदत करेल अशीही नको. तुमची टी पूर्ण उघडून, सगळ्यात लांब करून मोजा, 101.6 च्या आत असेल आणि तिच्यावर बाणबिण नसेल तर प्रतिस्पर्ध्याला हसून पुढचा होल दाखवा. नियमात न बसणारी टी वापरून फटका मारला तर मात्र प्रकरण गंभीर आहे, पहिल्या वेळी जनरल पेनल्टी, म्हणजे स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात त्यात) दोन स्ट्रोक आणि मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकत-हरत जातात त्यात) होल गेला, परत केलं तर बाद. म्हणून स्पर्धेच्या आधी एकदा मोजलेलं बरं.

काही प्लॅस्टिकच्या टी उडून हरवू नयेत म्हणून दोरीने दुसऱ्या टीला बांधलेल्या असतात. तशी असेल तर ती दोरी लक्ष्याच्या दिशेने आखून ठेवून नेम धरायचा नाही, तो वेगळा गुन्हा होतो.

आणि नातवाला हेही सांगा, त्याच्या कामाचं आहे. ॲड्रेस घेताना, म्हणजे फटक्यासाठी क्लब बॉलमागे टेकवताना, धक्का लागून बॉल टीवरून पडला तर दंड नाही, परत ठेवायचा. हवेत स्विंग मारला, बॉल लागलाच नाही, तर तो स्ट्रोक मोजायचा, पण बॉल अजून टीइंग एरियात (होलचा पहिला फटका मारायच्या चौकटीत) असेल तर उचलून, उंची बदलून, जागासुद्धा बदलून परत टी करता येतो, दंड न घेता. 2019 पासून नियम असाच आहे आणि अजून कितीतरी क्लबांत लोक यावरून भांडतात.

नाशिकहून लिहितोय. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे टी बॉक्स (पहिला फटका मारायची जागा) असा कडक होतो की लाकडी टी दाबताना तुटतात, राउंडला मूठभर लागतात. प्लॅस्टिक घेऊ का? आणि पावसात काय?

कडक जमिनीत प्लॅस्टिकची टी लाकडीपेक्षा जास्त टिकते हे खरं, जाड दांड्याची घेतली तर. पण रिंगवाल्या टीची खरी गोची उन्हाळ्यातच होते. तिचा सगळा खेळ रिंग जमिनीला टेकण्यावर आहे, आणि जमीन इतकी कडक असेल की दांडा अर्ध्यातच अडकला तर रिंग हवेत लटकते आणि तुमची ठरवलेली उंची गेली बाराच्या भावात. मग लोक काय करतात, ड्रायव्हरच्या बुडाने टीवर ठोकतात, आणि रिंगची खाच तुटते. ठोकू नका. आधी एखाद्या मजबूत जुन्या टीने भोक पाडून घ्या, मग रिंगवाली त्यात बसवा. टीइंग एरियात जमीन टोकरायला, दाबायला, पायाने खळगा करायला नियमाने परवानगी आहे, हे फेअरवेवर (पुढच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) करायचं नाही, फक्त इथे. शिवाय टी बॉक्सच्या दोन मार्करच्या (हद्दीच्या खुणांच्या) मागे दोन क्लब-लांबीपर्यंत कुठेही टी लावता येते आणि पाय त्या चौकटीच्या बाहेर असले तरी चालतात, तर जरा मागे जाऊन मऊ जागा शोधा. सगळे मार्करला चिकटूनच उभे का राहतात मला कळत नाही, तिथलीच जमीन सगळ्यात जास्त तुडवलेली असते.

पावसात उलट. जमीन लोण्यासारखी, साधी टी बोट लावलं की खोल जाते, बॉल ठेवला की अजून थोडी बसते. तिथे रिंग टी मस्त, रिंग अडवते म्हणून उंची हलत नाही. फक्त खाचांमध्ये चिखल बसतो आणि रिंग सरकेनाशी होते, राउंड झाल्यावर पाण्याखाली धरा.

एक विनंती, ही सगळ्यांनाच. तुटलेली टी उचला. लाकडाचा तुकडा निदान कुजतो तरी, प्लॅस्टिकचा पुढच्या पावसाळ्यातही तिथेच असतो, आणि गवत कापायच्या मशीनच्या पात्याखाली आला की पात्याची धार जाते. माळीकाका प्लॅस्टिकच्या टीवर का चिडतात ते त्यांना विचारा एकदा. टी बॉक्सच्या कडेला तुटक्या टीसाठी डबा असतो, त्यात टाका, नसेल तर खिशात.

ताई, माझा स्विंग स्पीड कमी आहे, ड्राइव्ह 140 यार्ड वगैरे. नवरा म्हणतो टी खाली ठेव, बायकांनी बॉल वर ठेवला की नुसता उडतो. मी ॲडजस्टेबल टी मागवलीय, आता घरात वाद चाललाय. तुम्हीच सांगा. (पुणे)

घरातल्या वादात पडायचं नाही असं ठरवलं होतं, पण हा वाद पडण्यासारखाच आहे.

स्पीड कमी असेल तर बॉल हवेत जास्त वेळ राहायला हवा, आणि त्यासाठी तो वरच्या दिशेने निघायला हवा. टी खाली ठेवून ते अवघड होतं. ट्रॅकमन या फटका मोजणाऱ्या मशीनने घेतलेल्या सरासऱ्या बघा, अमेरिकेच्या पीजीए या व्यावसायिक टूरचे पुरुष ड्रायव्हरने बॉलवर किंचित खाली जाणाऱ्या दिशेने मारतात, साधारण एक अंश, आणि बायकांच्या एलपीजीए टूरच्या खेळाडू वर चढत्या दिशेने, साधारण तीन अंश. त्यांचा स्पीड पुरुषांपेक्षा कमी, म्हणून त्या आहे त्या स्पीडमधून जास्तीत जास्त अंतर काढतात. तेव्हा ‘बायकांनी खाली ठेवावं’ याला आधार काय ते नवऱ्याला विचारा, मलाही कळवा.

आता त्यांच्या बोलण्यात खरं किती तेही सांगते. बॉल नुसता उडतो, म्हणजे आभाळात जाऊन समोर पडतो, ड्रायव्हरच्या डोक्यावर वरच्या रंगाला ओरखडा येतो, असं होत असेल तर क्लब बॉलच्या खालून जातोय. हे टी उंच आहे म्हणून होतं, पण त्याहून जास्त तुम्ही वरून खाली तोडल्यासारखं मारताय म्हणून. टी खाली केली की ओरखडा थांबतो आणि खाली तोडायची सवय तशीच राहते, नवरा खूश, ड्राइव्ह 140. त्यापेक्षा बॉल पुढच्या पायाच्या टाचेच्या रेषेत घ्या, उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली (डावखुऱ्या असाल तर उलट), टी मधल्या खाचेला, आणि अर्ध्या जोराने मारून बघा. चार-पाच दिवस एकच खाच ठेवा, रोज बदलू नका. ठिपका मध्याच्या वर यायला लागला की एक खाच वर. मागवलेली टी वाया जाणार नाही, त्याच कामाची आहे ती.

थ्री वूडला (ड्रायव्हरहून धाकटा क्लब) दहा-बारा मिमी पुरे, आयर्नला (लोखंडी पात्याचा क्लब) पाच मिमी, म्हणजे बॉल गवतावर छान बसलाय असं वाटेल इतकंच. पार थ्रीला (तीन फटक्यांच्या छोट्या होलला) आयर्न घेऊन ड्रायव्हरच्या उंचीवर बॉल ठेवणाऱ्या बायका आणि पुरुष दोन्ही मी पाहिलेत. बहुतेक रिंग टी इतक्या खाली येतच नाहीत, त्यासाठी खिशात एखादी छोटी लाकडी टी ठेवाच, तुटकीसुद्धा चालते.

न्यू जर्सीहून. इथे डिसेंबरमध्येही कोर्स उघडा असला की आम्ही मराठी मंडळी जातो, जमीन दगड असते. गारठ्यात प्लॅस्टिकची टी तडकन तुटते, चांगली कुठली? आणि मुलाला शाळेत प्रोजेक्ट आहे, टी कोणी शोधली हे विचारलंय, तुम्हाला माहीत असेल तर लिहा.

प्लॅस्टिक थंडीत ठिसूळ होतं, त्यातून खाचा पाडलेला दांडा म्हणजे तुटायला जागा तयारच. गारठ्यात रिंग टी बॅगेत राहू दे आणि बांबूच्या किंवा लाकडी आखूड टी वापरा, नाहीतर ब्रशवाली जाड टी. बॅगेतून काढून आधी जरा वेळ खिशात गरम ठेवली तर फरक पडतो.

प्रोजेक्टसाठी तर तुम्ही अगदी योग्य गावी आहात. पूर्वी टी नव्हतीच, टी बॉक्सजवळ ओल्या वाळूची पेटी असायची, चिमूटभर वाळू घेऊन तिचा छोटा ढीग करायचा आणि त्यावर बॉल ठेवायचा, हात बरबटलेले. 1889 मध्ये स्कॉटलंडच्या विल्यम ब्लॉक्सम आणि आर्थर डग्लस यांनी जमिनीवर ठेवायच्या टीचं पेटंट घेतलं, पण ती जमिनीत रुतत नव्हती. मग बॉस्टनचे जॉर्ज फ्रँकलिन ग्रँट, दातांचे डॉक्टर, हार्वर्डच्या डेंटल स्कूलमधून शिकलेले, कृष्णवर्णीय, यांनी 12 डिसेंबर 1899 ला लाकडी खुंटीच्या टीचं अमेरिकन पेटंट घेतलं, वर रबराची नळी लावलेली. त्यांनी ती विकायचा कधी खटाटोप केलाच नाही, मित्रांना वाटल्या आणि 1910 मध्ये वारले. यूएसजीएने त्यांच्या कामाची दखल घेतली ती 1991 मध्ये, म्हणजे पेटंटनंतर 92 वर्षांनी, घ्या.

पैसे कमावले दुसऱ्याने, आणि तोही दातांचाच डॉक्टर, तुमच्या न्यू जर्सीचा, विल्यम लोवेल. 1920 च्या दशकात त्याने रेडी टी काढली आणि 1922 मध्ये वॉल्टर हेगनसारख्या मोठ्या खेळाडूला पैसे देऊन ती वापरायला लावली, मग काय, लोक तुटून पडले. मुलाला सांगा, ग्रँट आणि लोवेल या दोघांवर अर्धं-अर्धं पान लिही, नुसतं लोवेलवर लिहून सोडू नको.

ड्रायव्हरच्या बुडाला प्लॅस्टिक टीचे गुलाबी पट्टे उमटतात. डोकं खराब होतं का? (कोल्हापूर)

नाही. टीचं प्लॅस्टिक ड्रायव्हरपेक्षा मऊ असतं, तिचाच रंग घासून लागलेला असतो, ओल्या फडक्याने जातो, नाही गेला तर फडक्याला जरा साबण लावा. तारेची घासणी अजिबात नको. हा पट्टा फुकटचा डॉक्टर आहे, पुसण्याआधी बघत जा, बुडाच्या मध्यावरून सरळ मागे गेला असेल तर ठीक, टोकाकडे किंवा टाचेकडे (दांड्याच्या बाजूला) सरकलेला किंवा तिरका असेल तर बॉल फेसच्या मध्यावर लागत नाहीये किंवा क्लब आडवा येतोय. पट्टा तिरका दिसला तर फोटो काढून पाठवा, बुडाचा आणि फेसचा असे दोन, आणि फोटोत टाच कुठली ते लिहा, गेल्या वेळी एकांनी उलटा पाठवला होता.